हात टिकेपर्यंत

नाना मिस्त्रींच्या शेडमध्ये ट्रक शिरला की ते आधी ड्रायव्हरचं ऐकत नसत. विळा घेऊन ट्रकच्या तोंडाशी जात आणि पुढच्या जाळीवर जे काही बांधलेलं असेल ते कापून टाकत. झेंडूचे हार, लिंबू-मिरच्या, काळी बाहुली, कुणाच्या तरी वाढदिवसाचं फ्लेक्स. सगळं मातीत पडलं की म्हणत, "आते सांग, काय व्हयनं."

ड्रायव्हर भडकत, हार देवाचा होता म्हणून वाद घालत. नानांचं उत्तर ठरलेलं असे. "देवले कॅबिनमा ठेव. आठे रेडिएटर बठेल शे."

शेड धुळे-जळगाव रस्त्यावर, पारोळ्याच्या पुढे होती. माझा जुना डिझेल ट्रक हिवाळ्यात कापूस वाहतो आणि उन्हाळ्यात हौद्यात टाकी चढवून पाणी. कापसाच्या दिवसांत रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये तंतू अडकून चक्क गादी तयार होते आणि वारा आत शिरत नाही. शिवाय आमच्याकडची एक जुनी अक्कल आहे. ऊन तापलं की इंजिनातला थर्मोस्टॅट उपटून फेकायचा, कारण तो म्हणे पाणी अडवतो. मग पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरत राहतं आणि मालक नशिबाला शिव्या देतो. माझाही असाच कुणीतरी उपटला होता. नानांनी नवा बसवला आणि मला सुनावलं, "तो चोर नही, वॉचमन शे."

नाना गोड माणूस नव्हते. प्रेमळ मिस्त्रींविषयी लोक लिहितात ते मी वाचलं आहे, मला तसा एकही भेटलेला नाही. नाना दिवसभर खेकसत. मात्र उकळलेल्या गाडीपुढे ते अजिबात घाई करत नसत. इंजिन बंद करून बॉनेट उघडायचं आणि चहा सांगायचा. मधूनमधून जाऊन उजवा तळवा रेडिएटरच्या डोक्यावर ठेवायचा. माझ्या ट्रकच्या तापमानाचा काटा कधीच मेला होता, तो तळवा हाच काटा. "हात टिकस का? टिकस नही ते झाकणले हात लावू नको," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की झोपेतही म्हणेन.

तो हात कसा गेला ते सांगतो.

आमच्या भागात एक साहेब आहेत. नाव सांगत नाही, ते पुरेसं छापून झालेलं आहे. लोकांना प्यायला पाणी नाही ही खरं तर मान खाली घालण्याची गोष्ट, पण साहेबांनी तिचा लोकार्पण सोहळा केला. माझ्या टँकरच्या तोंडावर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, पुढची जाळी पार झाकून, त्यांचं फ्लेक्स ताणून बांधलं. नवा होजपाइप बसवला होता म्हणून नाना माझ्याबरोबर इंजिन ऐकायला आले होते. त्यांनी विळा काढला. कार्यकर्त्यांनी तो हिसकावून कॅबिनमध्ये फेकला आणि साहेबांचा फोटो कापणारा तू कोण, असं विचारलं.

मग भर उन्हात बँडच्या मागे पायी चालीने मिरवणूक. चौकात पोचेस्तोवर बॉनेटमधून वाफ यायला लागली. हजारो लिटर पाणी पाठीवर घेतलेला ट्रक तहानेने फुटायला आला होता, आणि समोर बायका हंडे घेऊन टाळ्या वाजवायला उभ्या केल्या होत्या. नानांनी थांबायला सांगितलं. साहेबांना पुढचा कार्यक्रम होता. कडक इस्त्रीतला एक कार्यकर्ता बॉनेट उघडून बंपरवर चढला आणि रेडिएटरच्या झाकणावर रुमाल टाकून त्याने ते पिळलं.

नानांनी त्याला खांद्याने ढकललं आणि अर्धं सुटलेलं झाकण उजव्या तळव्याने दाबून धरलं. तो माणूस खाली उतरेपर्यंत दाबून धरलं.

त्याच्या शर्टावर शिंतोडे उडाले. नानांच्या तळव्याचं कातडं निघालं. साहेबांनी माइकवरून किरकोळ प्रकार असल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या आठवड्यात नानांचा सत्कार ठेवला. बँडेजवर शाल पडली. फोटो काढून झाल्यावर नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "मन्हा हात गया आनि हाऊ माले शाल देस."

जखम भरली, गुळगुळीत कातडं आलं, पण त्याला गरम-गार कळेना. मी जळगावहून तापमानाचा मीटर आणून दिला. त्यांनी तो खिळ्याला टांगला. डावा हात वापरा म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडला. एक दिवस त्यांनी विळा माझ्या कॅबिनमध्ये आणून ठेवला. "आते हात कोठेबी टिकस, भाऊ," ते म्हणाले. शेडला कुलूप लागलं.

या उन्हाळ्यात जळगावला मुलाच्या घरी नाना वारले. गावी न्यायला मुलाने माझाच ट्रक मागितला. मी हौद्यात गादी घालत होतो तेवढ्यात कार्यकर्ते येऊन काम करून गेले. गावाच्या फाट्यावर लोक पायी सामील झाले आणि मी खाली उतरलो, तेव्हा जाळीवर श्रद्धांजलीचं फ्लेक्स दिसलं. मधोमध साहेब हात जोडून. नाना खालच्या कोपऱ्यात, तिकिटाएवढे. साहेब स्वतः पुढे चालत होते.

ट्रकला उकळल्याचा वास येत होता. मी इंजिन बंद केलं, विळा घेतला आणि फ्लेक्स साहेबांच्या गळ्यापासून खालपर्यंत फाडलं. कुणीतरी ओरडलं, फोटो आहे साहेबांचा. मला ठाऊक होतं, म्हणूनच तिथून सुरुवात केली होती.

बॉनेट उघडून मी तळवा ठेवला. टिकला नाही.

साहेब घाम पुसत जवळ आले आणि घड्याळाकडे पाहत त्यांनी विचारलं, अजून किती वेळ?

"हात टिकेपर्यंत," मी म्हणालो.

सावली कुठेच नव्हती. साहेब उभे राहिले, सगळेच उभे राहिले. नाना मागे हौद्यात होते. त्यांना घाई नव्हती.