सोळा शुक्रवार

परदेशातून आलेल्या माणसाने रिकाम्या हाताने जायचं नसतं आणि भेट वाटताना कुणाला वगळायचं तर मुळीच नसतं. नेनिता पालमारेस चौदा वर्षांनी रियाधहून फिलिपिन्समधल्या आपल्या गावी, पासीला परतली आणि गावच्या इस्पितळात गेली, तेव्हा तिच्या पिशवीत प्रत्येकाच्या नावाची पुडी होती. झाडूवाल्याला खजूर, स्वयंपाकिणीला साबण, वॉचमनला अत्तर. मुख्य परिचारिका हिलादो मॅडमच्या नावाचं मात्र काही नव्हतं. ती विसरली नव्हती. यादी तिने तीनदा तपासली होती.

शिक्षण संपल्यावर नेनिता याच इस्पितळात अकरा महिने बिनपगारी राबली होती. रिवाजच तसा. परदेशी नोकरीला अनुभवाचा दाखला लागे आणि त्यावर हिलादो मॅडमची सही लागे. नेनिता कोरा दाखला घेऊन त्यांच्या दारात उभी राहायची. मॅडम मान वर न करता म्हणायच्या, "पुढच्या शुक्रवारी ये, इंदाय." इंदाय म्हणजे पोरी, धाकटीला मारायची हाक. असे सोळा शुक्रवार गेले. लंडनची जागा दुसरीला मिळाली, आणि नेनिताने दाखला न मागणारी रियाधची नोकरी पकडली. तिथे ती डायलिसिस शिकली. तो बिनसहीचा कागद मात्र तिने कधी फाडला नाही.

आता आई थकली होती. गावात राहायचं तर डायलिसिसचं काम याच इस्पितळात मिळणार होतं.

मॅडमनी तिची प्रमाणपत्रं चाळली. "बाहेरचा अनुभव आम्ही धरत नाही. तीन महिने बिनपगारी कर, मग बघू." मग पिशवीकडे बघत म्हणाल्या, "सगळ्यांना वाटलंस म्हणे. माझं कुठाय?"

"तुमचं वेगळं ठेवलंय, मॅडम."

घरी आई म्हणाली, "नमतं घे गं. नोकरी तिच्या हातात आहे."

"चौदा वर्षं घेतलंच की, नानाय. आता नाही."

नशीब असं, की आठवड्याभरात इस्पितळातली एकमेव प्रशिक्षित डायलिसिस परिचारिका आयर्लंडला निघून गेली. नवी यंत्रं अजून प्लास्टिकमध्ये होती आणि डायलिसिस विभागाच्या परवान्याची तपासणी सोमवारवर आली होती. इस्पितळाचे प्रमुख, थोरले डॉक्टर स्वतः नेनिताच्या घरी आले आणि पुढे ठेवलेला बाचोयचा, शेवयांच्या सूपचा वाडगा बाजूला सारून म्हणाले,

"तू नसलीस तर परवाना नाही, बाई."

"येते. पगार पहिल्या दिवसापासून, आणि माझ्या विभागाच्या दाखल्यांवर सही माझी एकटीची."

डॉक्टरांनी मान डोलावली. हिलादो मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांचा चहा जागेवरच थंड झाला, असं स्वयंपाकीण सांगते.

नेनिताच्या हाताखाली पहिली शिकायला आली ती मॅडमचीच भाची, क्रिझेल. पोरगी गुणाची होती. सख्खी भाची असूनही मॅडमनी तिला वर्षभर फुकट राबवलं होतं. तिचं प्रशिक्षण संपलं, कॅनडाची नोकरी वाट बघत होती, आणि मॅडम तांदळाच्या गरम बिबिंकाचं ताट घेऊन नेनिताच्या दारात आल्या.

"पोरीच्या दाखल्याचं तेवढं बघ ना."

नेनिताने ताट ठेवून घेतलं. "पुढच्या शुक्रवारी या, मॅडम."

त्या आल्या. पुन्हा आल्या. गुडघे दुखतात म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहू लागल्या. खुर्ची होती, पण ती नेनिताने त्यांना कधी दिली नाही, आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटलं नाही.

सोळाव्या शुक्रवारी तिने खणातून एक पुडी काढली. "ही तुमची भेट. वेगळी ठेवली होती ना."

आत चौदा वर्षांहून जुना, पिवळा पडलेला, कोरा दाखला होता. नेनिताने पेन पुढे केलं. मॅडमनी कागद भिंतीला टेकवला आणि सही केली.

"आता तरी क्रिझेलचा दे, बाई," त्या म्हणाल्या. 'इंदाय' त्यांच्या तोंडून निघालं नाही.

नेनिताने सहीवर फुंकर घालून कागदाची घडी केली.

"तिचा तर प्रशिक्षण संपलं त्याच दिवशी तिला दिला. तुम्हाला सांगायचं नाही, हे तिनंच ठरवलं, मॅडम."