नारळाच्या वासाची फवारणी

राळेगाव तालुक्यात कापसावर फवारणी करणारे हजारो झाले, पण स्वतःवर फवारणी करणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या पदरी पडला. भाऊजींचं कृषी केंद्र होतं. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. बोंडअळीला मात्र फार उत्साह होता. भाऊजींनी विकलेल्या औषधावर अळी उलट गुटगुटीत होते, असं गिऱ्हाइकं त्यांच्या तोंडावर म्हणत. अळीवर न चाललेलं ते औषध भाऊजींच्या अंगात मात्र असं मुरलं होतं, की लग्नाच्या पंगतीत ते बसले की शेजारची माणसं ताट उचलून दुसरीकडे जात. भाऊजींना त्याचं काही नव्हतं. "वास येते म्हंजे माल असली हाय," एवढंच ते म्हणत.

हा ताठा उतरवला त्यांच्या तीन वर्षांच्या नातीनं. नागपूरहून आली की ती सगळ्यांच्या मांडीवर बसे, अगदी माझ्यासुद्धा. आजोबांनी बोलावलं की नाक धरून आजीच्या पदराआड. अख्ख्या तालुक्याच्या शिव्या चहाबरोबर पचवणारा माणूस त्या चिमुकल्या नाकापुढे खचला. जावई धोरणी. पुढच्या खेपेला त्यांनी सेंटची बाटली आणून दिली.

वास नारळाचा. देवापुढच्या नव्हे, दुधात आटवलेल्या, साखरेत घोटलेल्या, वर व्हॅनिला ओतलेल्या नारळाचा. बेतानं लावला असता तर छानच होता: सकाळी ओल्या खोबऱ्याचा, दुपारी वडीचा, संध्याकाळी कपड्यांत जेमतेम उरलेल्या साखरेचा. पण बेत ही वस्तू भाऊजींच्या दुकानात मिळत नसे. अंगणात उभे राहून ते आधी वारा कुठून वाहतोय ते बघत, मग पायापासून शेंड्यापर्यंत फवारत, आणि पाठीसाठी ताईला हाक मारत. एसटीत बसले की कंडक्टर विचारी, "प्रसाद कोनाजवळ हाय बे?" दुपारपर्यंत मात्र खालचं औषध वर येई आणि कोणी खोबऱ्याच्या वडीवर पंप मारल्यासारखा वास सुटे.

"टिकून नाई राह्यला ना, सालेबुवा," एकदा ते मला म्हणाले. "पानावर औषध टिकाले आपन काय टाकतो? स्टिकर!" पाऊस आला तरी औषध पानाला धरून राहावं म्हणून पंपात घालतात तो चिकट द्राव त्यांनी खरंच त्या बाटलीत ओतला. मी म्हटलं, "भाऊजी, तुमी काय कापसाची पऱ्हाटी हाय का?"

"तू मास्तर हाय. तुले कायले समजते हे!"

दिवाळीला नात आली तेव्हा भाऊजी गोड आणि चिकट होऊन तयारच होते. मुंग्याही आल्या होत्या. पोरीनं हवेत नाक फिरवलं आणि धावत जाऊन आजोबांच्या मांडीवर चढली. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कापूस दुप्पट भावानं गेला! तेवढ्यात पोरीनं त्यांचा गाल चाटला. वडीच वाटली तिला. तोंड कडू झालं तशी ती थुंकली, किंचाळली, आणि तिची आई, म्हणजे माझी भाची, घरातून धावत आली. "बाबा, अंगाले औषध होतं काय तुमच्या?"

पोरीला काहीही झालं नाही. चूळ भरली, गुळाचा खडा मिळाला, गप्प झाली. पण भाऊजींचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. जन्मभर हसत हसत विकलेल्या मालाला ते त्या दिवशी पहिल्यांदा भ्यायले.

न्हाणीत जाऊन त्यांनी कातडी निघेल इतकं अंग घासलं आणि ओट्याच्या टोकाला एकटे जाऊन बसले. साध्या साबणाचा वास येत होता. मला त्यांची फार माया आली, पण साल्यानं भाऊजीला असलं काही सांगायची आपल्यात पद्धत नाही. थोड्या वेळानं पोर आपणहून गेली आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसली.

"अहो, धरा ना तिले," ताई म्हणाली.

"नको. या हातायचं काई सांगता येत नाई."

पोर त्यांच्या छातीला टेकून झोपून गेली, आणि ती उठेपर्यंत भाऊजी दोन्ही हात वर धरून तसेच बसून राहिले.