फाळक्यावरचं लढाऊ जहाज

कारंजा गावाच्या ढाब्यापाशी ट्रकांचे फाळके रंगवणारा एक म्हातारा मला बसची वाट पाहताना रोज दिसायचा. बाकीचे पेंटर मोर नाहीतर कमळ काढत. हा चांदण्यांतून जाणारं लढाऊ जहाज काढी: पोलादी पोट, दोन्ही अंगांना तोफा, मागे निळा जाळ. शेवटी ब्रश धोतराला पुसून शेपटाकडे एकच शब्द लिही, 'येतो'.

"बाबाजी, लढाईच्या जहाजावर हे काऊन?" एकदा मी विचारलं.

"माहा पोरगा फौजेत निंगाला, तवा घाईत 'जातो' म्हनला. एसटी सुटून राह्यली होती, मी टोकलं नाई. तो काई वापस आला नाई."

तेवढ्यात माझी बस आली.

"येतो, बाबाजी."

"येजो, बापू."

बस वळेपर्यंत तो ओला ब्रश धरून उभाच होता.