धावता धावता बोलायचं

शेवंताबाई गेल्याचं आम्हाला सिंदेवाहीत कळलं ते नदीचं पाणी उतरल्यावर. भामरागडचा रस्ता बंद, बाई तापानं फणफणलेल्या, खाटेवर घालून काठापर्यंत आणलेल्या… आणि पाण्यात डोंगा घालायला कुणी धजेना. निरोप आणणाऱ्या शिपाईभाऊला मी पहिलं विचारलं ते बाईंना तिकडे धाडणाऱ्या साहेबांबद्दल. "त्याईले मालूम हाय का?" रडू नंतर आलं. आधी संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

बाई आमच्या शाळेत खेळ शिकवायच्या. आम्ही पोरी तलावाच्या पाळीवरून धावायचो आणि बाई सायकलवर बाजूबाजूनं. शिट्टी नाही, घड्याळ नाही, नुसत्या गप्पा. "काऊन वं सुमन, रात्री का रांधलं तुह्या मायनं?" मी एका दमात "वांगे आन् सुकट" म्हटलं की ठीक. वाक्य मधेच तुटलं की, "झालं तुहं आजचं, बस तिथंच." आणि कुणी मामाच्या लग्नाची लांबण लावली तर हसून म्हणायच्या, "लई सोपं जाऊन राह्यलं वाटते तुले! आणखी एक फेरी." कुणाला किती मेहनत झेपते, हे त्या आमच्या बोलण्यावरून ओळखायच्या. त्यांच्या हाताखाली एकीचाही पाय कधी दुखावला नाही.

मग जिल्ह्याहून साहेब आले, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून. राज्याच्या निवडीसाठी पोरी तयार करायच्या होत्या. आमच्या गप्पा ऐकून भडकले, "या पोरी धावतात की चावडी भरवतात?" बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सर, बोलणं तुटल्यावरही पळवलं त पोरगी मोडन." झालं! तेवढं साहेबांना पुरलं. बाईंची बदली थेट भामरागडला. सायकल शाळेत ठेवून गेल्या. तिकडे कुठं चालवणार होत्या?

त्यानंतर साहेबांचा एकच मंत्र, "तोंड बंद, पाय चालू." माझी नडगी ठणकायला लागली, तरी तोंड बंद. निवड तोंडावर असताना मी पाळीवरच कोसळले. हाडाला चीर गेली होती. पाय जुळला तो वाकडाच, धावणं संपलं. साहेब म्हणाले, "पोरगी नाजूक निघाली." लोक मला म्हणतात, सोडून दे आता. काऊन सोडू? माझा पाय एकवेळ सोडला असता. बाई कशा सोडू?

शोकसभेला साहेब आलेच. पांढरा सदरा, हातात हार, चेहऱ्यावर सुतक. वंदना झाली आणि मी उभी राहिले. म्हटलं, बाईंना श्रद्धांजली बाईंच्याच रीतीनं द्यायची. पाळीवरून धावत, बोलत. सगळं गाव बघत होतं, नाही कसं म्हणतील? पोरी निघाल्या, मागून साहेबही निघाले. मी बाईंची सायकल काढली आणि त्यांच्या बाजूला लावली.

"बोला ना साहेब, बाई कशा होत्या?"

"शेवंताबाई म्हणजे… एक… आदर्श…"

पुढे नुसती धाप. तोंड लालबुंद, हात पोटावर. वाक्य तुटलं होतं. बाई असत्या तर तिथल्या तिथं थांबवलं असतं त्यांनी. बाईंना दयाच फार.

मी घंटी वाजवली.

"लई सोपं जाऊन राह्यलं वाटते साहेब," मी म्हटलं. "आणखी एक फेरी."