कुंपणातला आकडा

बेसीमावशी उत्तर ध्रुवाकडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या काग्युट गावाचं बर्फघर एकतीस वर्षं सांभाळते आहे. कायम गोठलेल्या मातीत तीस फूट खोल खणलेली खोली. गावाचं व्हेलचं मांस तिथेच असतं. हिवाळ्यात वर साचलेलं हिम मावशी रोज फावड्यानं काढते. हिम म्हणजे गोधडी. राहिलं तर जमिनीला ऊब येते. देवानं थंडी दिली आहे ती आत जाऊ द्यावी, एवढंच तिचं शास्त्र. भिंतीत ठोकलेल्या थर्मामीटरचा आकडा ती वहीत लिहिते.

मग दक्षिणेतून विद्यापीठाची मंडळी आली, स्थानिक लोकांची क्षमता वाढवायला. आमची क्षमता! पाच दिवस प्रशिक्षण, गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे, दुपारी पिझ्झा. शेवटी एकाला जमिनीचं तापमान मोजायची नोकरी. मावशीला ती हवी होती. आकडे दक्षिणेत जातात आणि गावाला कधी दिसत नाहीत, याचा तिला राग होता.

परीक्षा तापमान मोजायला जमिनीत पाडलेल्या खोल भोकापाशी झाली. सात वर्षांपूर्वी याच मंडळींनी ते पाडलं, आणि स्नोमोबाइल धडकू नये म्हणून भोवती फळ्यांचं कुंपण घातलं. त्याला अडून दरवर्षी तिथे पुरुषभर हिम साचतं. मावशीनं भोकातली वायर यंत्राला जोडली. वजा दोन.

"लिहा, जमिनीचं तापमान," विद्यापीठाचे डॉक्टर डेरेकसर म्हणाले.

"हे जमिनीचं नाही रे बाबा, तुमच्या कुंपणाचं आहे. माझ्या भिंतीत वजा सहा आहे."

"मावशी, फॉर्ममध्ये कुंपणाचा रकाना नाही."

"मग पाड एक! डॉक्टर ना तू? गोधडीत घामेजलेल्या माणसाला तापाची गोळी देतोस का?"

आम्ही हसलो. परीक्षेलाच बसलेला तिचा दीर आयझॅक मागून म्हणाला, "वहिनी, लिही की दोन! तुझं काय जातं?"

मावशीनं 'जमिनीचं' खोडून 'हिमाखालचं' लिहिलं आणि सही केली. खाडाखोड केली म्हणून नापास. देव त्या साहेबांना क्षमा करो. मला अजून जमलेलं नाही.

नोकरी आयझॅकला मिळाली. तो दर सोमवारी वायर जोडतो, बटण दाबतो, आकडा दक्षिणेला जातो. अहवाल आला: या किनाऱ्यावर सर्वांत वेगानं आमचं गाव वितळतंय. मुखपृष्ठावर मावशीचा फोटो, स्थानिक ज्ञानाबद्दल आभार.

परवा आयझॅक बर्फघराच्या दाराशी घुटमळत होता. "वहिनी, खरंच एवढं वितळतंय का गं?"

"मला काय विचारतोस?" मावशी म्हणाली. "पास तू झालास."