एकेचाळिसावं डोकं

हे सांगायचं मी पंचवीस वर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. असल्या अनुभवांची चवीनं वर्णनं करणाऱ्यांचा तर मला तिटकाराच आहे. पण आता वय झालं, आणि माझं एक खोटं अजून हैदराबादेत फिरतंय...

मी गाइड होतो. पुण्या-मुंबईचे मराठी ग्रुप फिरवायचो. चारमिनार, मोती, बिर्याणी. शेवटी अफझलगंजला मुसीचा काठ. "ही नदी?" म्हणत लोक नाकाला रुमाल लावायचे. त्यांना मी जुन्या महापुराची गोष्ट सांगायचो — इस्पितळाच्या आवारातल्या चिंचेला धरून माणसं कशी वाचली. गोष्ट खरी, म्हणून कुणाला मजा यायची नाही. मग मी त्यात एक पळपुटा नावाडी घातला. झाडावरच्या बायकापोरांना ओरडत ठेवून, स्वतःचं गाठोडं घेऊन पळालेला नरसय्या. त्या ओरडण्याची मी नक्कल करायचो. ही शिकलेली मंडळी खो खो हसायची. आणि मी त्यांच्याहून हलकट, कारण मला खरं ठाऊक होतं.

नरसय्या हे पुलाजवळ गजरे विकणाऱ्या मल्लम्माचे आजोबा. तिनंच सांगितलं होतं : नावेतून त्यांनी तीन खेपा माणसं काढली, चौथ्या खेपेला गेले ते परतलेच नाहीत. हिमायतनगरच्या मराठी घरांत फुलं पोचवून पोचवून तिला मराठी समजायचं, हेही मला माहीत होतं.

एकदा ती म्हणाली, "साब, मेरे दादा भागे नहीं. वैसा नक्को बोलो ना."

"अगे मल्लम्मा, लोगां हँसने को आते. तुम्हारे दादा को कौन पैचानता?"

तिचा ओवता हात थांबला.

दोनेक आठवड्यांनी, भर दुपारी, तीच गोष्ट सांगून मी चाळीस जणांना लांब, इस्पितळामागे उभ्या बसमध्ये चढवलं. नेहमीप्रमाणे डोकी मोजली. एकेचाळीस. पुन्हा मोजली, तरी तेच. ड्रायव्हर युसूफभाईनं मोजली. "इकतालीस हैं, भाई."

"अहो गाइड, गणितात नापास का?" मागून एक काका ओरडले. "बेगम बाजार बंद होईल!"

हशा. मी यादीतून नावं घेतली. चाळीस नावं, चाळीस "हजर". चेहरे पाहिले, अनोळखी एकही नाही. सगळ्यांना उतरवून मोजलं — चाळीस. पुन्हा चढवलं — एकेचाळीस. आता काकाही मान वळवून डोकी मोजू लागले.

शेवटचा बाक रिकामा होता. त्याच्याखाली गढूळ पाणी साचलेलं, तळाशी गाळ. बाहेर रणरणतं ऊन...

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. मान वर न करता मल्लम्मानं विचारलं, "कल बस में जगा मिली ना, साब, उनको?"

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. युसूफभाई त्यानंतर तिकडे फिरकलाही नव्हता. माफी न मागताच एक गजरा घेतला आणि निघून आलो. काम सोडलं. चार महिन्यांनी धीर करून गेलो, तर तिची जागा रिकामी. कुठं गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं.

परवा त्याच पुलावर एक गाइड दिसला. पळपुटा नरसय्या, ओरडण्याची नक्कल, सगळं माझंच. लोक हसत होते.

ते पाणी कुठून आलं, एकेचाळिसावं कोण होतं, मला आजही सांगता येत नाही. माफी मागायला जाताना वाटेत घोकत नेलेलं वाक्य मात्र अजून पाठ आहे : "मल्लम्मा, तुम्हारे दादा भागे नहीं. मैं झूट बोला. माफ करो."