पाइपातून निघालेली पाकिटं

ती दुपार अजून माझा पिच्छा सोडत नाही. ब्लॅकटाउन उपनगराच्या पोलीस स्टेशनला ड्युटीवर होतो. एका बाईचा फोन आला. आफ्रिकेतल्या मोठ्या शहरातून इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली, स्वतःच्या फ्लॅटवर धंदा करणारी. आमच्या राज्यात तो गुन्हा नाही, आणि ही न चुकता क्लिनिकमध्ये तपासून घ्यायची.

म्हणाली, "सर, माझ्याच शहरातली एक मुलगी मसाज पार्लरमध्ये अडकलीय. मालकाने पासपोर्ट काढून घेतलाय. तिकडे मी बंगल्यातली, ती वस्तीतली. म्हणून ती माझं काही खरं मानत नाही."

वॉरंट घेऊन गेलो. आम्हाला बघताच मुलगी टॉयलेटमध्ये पळाली आणि फ्लश ओढला. "ड्रग्ज, मेट!" माझा जोडीदार ओरडला. प्लंबर बोलावून पाइप उघडला, तर निघाली काय? कंडोमची न फोडलेली पाकिटं! मी कपाळाला हात लावला.

जबाब घेताना आधी तिला चहा दिला. मग विचारलं, "हे कशाला टाकलंस गं?"

"युनिव्हर्सिटीतल्या मैत्रिणीने दिली होती, लपवून ठेवलेली. आमच्याकडे पर्समध्ये हे सापडलं की पोलीस मारतात, आत टाकतात. मालक म्हणाला, इथे तर व्हिसाच जातो."

"म्हणजे एकदाही वापरलं नाहीस?"

"एकदाही नाही."

माझं डोकंच सटकलं. मालकाला समोर बसवलं, तर तो नालायक हसून म्हणतो, "गिऱ्हाइकांना तसंच आवडतं." सगळा उलगडा झाला होता, पण कोर्टात उभी राहायला मुलगी तयार होईना. तिच्या साक्षीशिवाय केस कसली! परवानगीशिवाय पार्लर चालवल्याचा दंड भरून तो सुटला.

सुटकेनंतर केलेल्या रक्ततपासणीचा तिचा रिपोर्ट आला. एचआयव्ही. मी स्वतः तिला क्लिनिकला घेऊन गेलो. वाटेत समजावलं, "औषध फुकट मिळतं. रोज गोळी घे, चांगली म्हातारी होशील."

"क्लिनिकमधून माझं नाव तुम्हा पोलिसांकडे येणार?"

"नाही गं बाई, देवाशप्पथ नाही."

तिने माझ्या वर्दीकडे पाहिलं आणि आत गेली. थोड्या वेळाने नर्स बाहेर येऊन विचारते, पेशंट कुठे आहे? मागच्या दाराने निघून गेली होती. फोन बंद. मैत्रिणीलाही पत्ता लागला नाही. खूप शोधलं.

नोकरीभर मला वाटायचं, आपण खरं बोललो की माणूस विश्वास ठेवतो. छे! शिकलेल्या मैत्रिणीने मला बिनधास्त फोन केला, कारण तिला कधी पोलिसाचा मार बसला नव्हता. हिला बसला होता. मारणारा तिकडचा कुणी शिपाई असेल, पण वर्दी माझ्याही अंगावर होती. ती पळाली तेव्हा तिच्या गोळ्या आत काउंटरवर काढून ठेवलेल्या होत्या.